सव्विसाव्या वर्षी कुणी म्हातारं होत नाही
(वाचकांचे प्रश्न, फेब्रुवारी २०२६)

डिसेंबरच्या अंकात मी फिगर स्केटिंगवर दोन पानं लिहिली होती आणि शेवटी ‘काही विचारायचं असेल तर जरूर कळवा’ असं म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. सगळी इथे मावणार नाहीत, म्हणून अमेरिकेच्या मुलींबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांची पत्रं आधी घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी कोच नाही आणि जजही नाही. माहेर साताऱ्याचं, गेली चोवीस वर्षं बॉस्टनजवळ राहते. लेक सहा वर्षांची होती तेव्हापासून ती चौदाची होईपर्यंत रोज पहाटे पाचला तिला रिंकवर घेऊन जात होते. तिचं स्केटिंग थांबलं, पण मी अजून दर शनिवारी आमच्या रिंकवर मुलींच्या परीक्षा असल्या की गाणी लावायला बसते. बर्फाच्या कडेला बसून जे दिसलं आणि कळलं, त्यातूनच ही उत्तरं देतेय.

अमेरिकेच्या तीन मुली मिलानच्या हिवाळी ऑलिम्पिकला जात आहेत. खरंच पदक मिळेल, की नुसताच गाजावाजा आहे? वीस वर्षांत काही मिळालं नाही असं वाचलं.
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. महिलांच्या एकेरीत अमेरिकेला ऑलिम्पिक पदक मिळालं ते शेवटचं २००६ साली, तुरीनमध्ये, साशा कोहेनचं रौप्य. सुवर्ण त्याच्याही आधीचं, २००२ चं, सॉल्ट लेक सिटीत सारा ह्यूजचं. साशाच्या पदकानंतर महिनाभरात किमी माइसनर जागतिक विजेती झाली आणि मग दहा वर्षं जागतिक स्पर्धेच्या पोडियमवरही अमेरिकेची एक बाई दिसली नाही. २०१६ मध्ये बॉस्टनला ॲश्ली वॅग्नरनं रौप्य मिळवलं, तेव्हा आमच्या रिंकवरच्या बायका रडल्या होत्या.

आता यंदाचं. गेल्या मार्चमध्ये पुन्हा बॉस्टनलाच जागतिक स्पर्धा झाली. मी तिकीट काढून अगदी वरच्या रांगेत बसले होते. अलिसा लिऊ शॉर्ट प्रोग्रॅम या छोट्या पहिल्या फेरीत पहिली आली, फ्री स्केट या मोठ्या दुसऱ्या फेरीतही पहिली आली आणि जपानच्या काओरी साकामोतोला जवळजवळ पाच गुणांनी मागे टाकून जगज्जेती झाली. माइसनरनंतर एकोणीस वर्षांनी. इझाबो लेव्हितो चौथी, अँबर ग्लेन पाचवी. एकाच देशाच्या तिघी पहिल्या पाचांत. तिथेच अमेरिकेच्या ऑलिम्पिकमधल्या तीन जागा पक्क्या झाल्या, कारण जागा ठरतात त्या देशाच्या दोन सर्वोत्तम क्रमांकांच्या बेरजेवर. ती तेरापर्यंत असली की तीन जागा मिळतात, आणि इथे ती पाच होती. डिसेंबरमध्ये नागोयाच्या ग्रां प्री फायनलमध्येही, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम सहा जणींच्या स्पर्धेतही, अलिसाच जिंकली. जानेवारीत सेंट लुईसला अँबरनं सलग तिसरं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. सलग तीन वेळा याआधी मिशेल क्वाननं केलं होतं, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट बघा.

माझं मत विचाराल तर एक पदक येणार आणि ते अलिसाचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. दोन आली तर मला नवल वाटणार नाही. तीन येणार नाहीत, कारण जपानच्या तिघी आहेत: साकामोतो, मोने चिबा आणि सतरा वर्षांची आमी नाकाई. साकामोतो तीनदा जगज्जेती झालेली आहे आणि हा तिचा शेवटचा हंगाम आहे. ती बर्फावर आली की वेग असा असतो की टीव्हीवर त्याची निम्मीही कल्पना येत नाही. वरच्या रांगेत बसूनसुद्धा मला ब्लेड बर्फ कापतानाचा आवाज ऐकू आला होता.

अँबर ग्लेन ट्रिपल ॲक्सल मारते आणि कधी कधी पडते. साधी उडी मारून सुरक्षित का खेळत नाही?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

तू अभियांत्रिकीचा आहेस म्हणून हिशेबच मांडते. बाकीच्या सगळ्या उड्या पाठमोऱ्या घेतात, ॲक्सल एकटीच समोर तोंड करून घेतात आणि उतरतात मात्र पाठमोऱ्या. म्हणून तिच्यात अर्धा फेरा जास्त, ट्रिपल म्हणजे हवेत साडेतीन फेरे. तिची मूळ किंमत ८ गुण. लुट्झ नावाच्या दुसऱ्या एका अवघड उडीची, ट्रिपल असली तर, ५.९०. साध्या डबल ॲक्सलची ३.३०. वर जज प्रत्येक उडीला उणे पाच ते अधिक पाच असा दर्जा देतात आणि त्यातली एकेक पायरी मूळ किमतीच्या दहा टक्क्यांची.

आता बघ. अँबरनं साडेतीन फेरे पूर्ण केले आणि पडली, तर आठातून चार गेले, पडल्याचा आणखी एक गेला, हातात ३ उरले. तिनं सुरेख डबल ॲक्सल केला तर सव्वाचारच्या आसपास मिळतील. म्हणजे पडल्यानं तोटा सव्वा गुणाचा. ट्रिपल नीट उतरली तर मात्र साडेनऊ, नफा पाचाहून जास्त. कागदावर ती उडी मारणंच शहाणपणाचं आहे आणि तिच्या कोचनाही हे चांगलं ठाऊक आहे.

धोका दुसरीकडे आहे. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये सातच गोष्टी करायच्या असतात आणि त्या ठरलेल्या असतात. एकटी घ्यायची ट्रिपल उडी मारताना अंग हवेत लवकर उघडलं आणि दोनच फेरे झाले, तर गुण कमी होत नाहीत, सरळ शून्य मिळतं. बॉस्टनला अँबर शॉर्टमध्ये ॲक्सलवर पडली आणि नवव्या क्रमांकावर गेली, मग फ्री स्केटमध्ये पाचवीपर्यंत चढली. तिची ताकद पहिल्या तिघींत बसण्याइतकी आहे. पण शॉर्ट प्रोग्रॅमची ती २ मिनिटं ४० सेकंद तिला सांभाळावी लागतील. पदक तिच्या हातून निसटलं, तर ते शॉर्टमध्येच निसटेल असं मला वाटतं. ॲक्सलवर नव्हे, त्यानंतरच्या एखाद्या साध्या उडीवर. ॲक्सल उतरली की सगळं मन सैल पडतं, हे मी आमच्या रिंकवरच्या मुलींतही पाहिलंय.

अलिसा लिऊनं सोळाव्या वर्षी स्केटिंग सोडलं होतं म्हणे. वडिलांनी एवढा पैसा, एवढी वर्षं घातली, आणि मुलगी ‘मला कंटाळा आला’ म्हणून निघून गेली. आम्ही असं चालू दिलं नसतं. मग परत आल्यावर तिचं एवढं कौतुक कशाला?
– दोन मुलींची आई, कोल्हापूर

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण दहा वर्षांपूर्वी मीही हेच लिहिलं असतं.

आधी अलिसाची हकिगत सांगते. तिचे वडील चीनच्या सिचुआनमधले. १९८९ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर देश सोडून अमेरिकेत आले, वकील झाले आणि पाच मुलं एकट्यानं वाढवली. अलिसा सगळ्यांत मोठी, सॅन फ्रान्सिस्को बेच्या परिसरात वाढलेली. २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली, इतक्या लहान वयात तोवर कुणीच झालं नव्हतं. पोडियमची सर्वांत वरची पायरी तिला चढता येईना, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या मुलींनी हात देऊन वर घेतलं. त्याच वर्षी स्पर्धेत चार फेऱ्यांची लुट्झ उतरवणारी ती पहिली अमेरिकन मुलगी ठरली. बालपण असं नव्हतंच. २०२२ ला बीजिंगमध्ये सहावी आली, महिनाभरानं जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं आणि एप्रिलमध्ये निवृत्ती जाहीर केली.

त्यानंतर तिनं काय केलं ते ऐका. जवळजवळ दोन वर्षं बूट घातले नाहीत. मैत्रिणींबरोबर नेपाळला जाऊन एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत चालून आली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला गेली. २०२४ च्या सुरुवातीला स्कीइंगला गेली असताना उतारावरून येताना ती जुनी थरथर पुन्हा जाणवली, म्हणून एक दिवस रिंकवर गेली. जुन्या कोचला फोन केला, त्यांनी आधी तिला परावृत्तच करायचा प्रयत्न केला. आली ती स्वतःच्या अटींवर: गाणं मी निवडणार, पोशाख माझ्या पसंतीचा, सराव किती करायचा ते मी ठरवणार, जेवणाबद्दल कुणी बोलायचं नाही.

बॉस्टनला ती डोना समरच्या आवाजातल्या जुन्या डिस्को गाण्यावर उतरली, तेव्हा तिच्याकडे ना ट्रिपल ॲक्सल होता ना चार फेऱ्यांची उडी. चौदाव्या वर्षी दोन्ही होत्या. एकोणिसाव्या वर्षी एकही नव्हती, तरी जगज्जेती झाली. सात उड्या, सातही स्वच्छ, आणि शेवटच्या मिनिटात ती प्रेक्षकांकडे बघून हसत होती. इतकी वर्षं मी या खेळाच्या आसपास आहे, पण फ्री स्केटच्या शेवटच्या मिनिटाला हसणारी बाई मी क्वचितच पाहिलीय. त्या वेळी पाय पेटलेले असतात.

आता माझं सांगते. माझी लेक तेराव्या वर्षी डबल ॲक्सलवर अडकली होती. तिच्या कोचचा एका संध्याकाळी फोन आला: दोन किलो उतरवली तर उडी येईल. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यातली पोळी अर्धी केली, भात बंद केला. तिनं तक्रार केली नाही, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे. आठ महिन्यांनी कंबर दुखते म्हणाली. डॉक्टरांनी फोटो काढला तर मणक्याच्या खालच्या भागात बारीक चीर, उड्यांच्या ताणानं पडलेली. हाडांना पोषण मिळत नसेल तर ती भरून यायलाही वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. सहा महिने पट्टा लावला. पट्टा निघाला त्या दिवशी ती म्हणाली, ‘आई, मला परत जायचं नाही.’ आणि मी, ताई, तिला म्हणाले होते, ‘एवढा पैसा घातला त्याचं काय?’

ती आता तेवीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी अलिसाची स्पर्धा पाहायला माझ्या शेजारी तीच बसली होती. अलिसाचं संपलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं, ती मात्र बसूनच होती. म्हणाली, ‘तिला जाऊ दिलं म्हणून ती परत आली.’ तेव्हापासून रविवारी दुपारी ती सार्वजनिक वेळेत बर्फावर येते. उड्या मारत नाही, नुसती कडांवर वळत राहते.

कौतुक कशाला, असं तुम्ही विचारलंत. मला जे कौतुक वाटतं ते तिच्या वडिलांचंही आहे. ती परत आली तेव्हा ते प्रेक्षकांत बसायला तयार झाले.

रशियाच्या पंधरा वर्षांच्या मुली चार फेऱ्यांच्या उड्या मारायच्या. त्या नाहीत म्हणून सव्वीस वर्षांची अमेरिकन बाई जिंकते. या खेळात सव्वीस म्हणजे म्हातारपणच ना?
– एक क्रीडाप्रेमी, मडगाव

पहिलं वाक्य खरं आहे. २०१८ ला अलिना झागितोवा पंधरा वर्षांची असताना सुवर्ण जिंकली. २०२२ ला बीजिंगमध्ये अलेक्सांद्रा त्रुसोव्हानं एकाच फ्री स्केटमध्ये चार फेऱ्यांच्या पाच उड्या मारल्या. युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे मार्च २०२२ पासून रशियन स्केटर आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर आहेत, आणि त्याचा फायदा बाकी सगळ्या देशांना झाला हे मी नाकारणार नाही. यंदा मिलानला त्यांची एकच मुलगी तटस्थ म्हणून, देशाच्या झेंड्याविना येतेय, अडेलिया पेत्रोस्यान. ती चार फेऱ्यांची उडी मारू शकते. महिलांच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ती उडी चालत नाही, फ्रीमध्ये चालते. तिनं दोन उतरवल्या तर माझा वरचा सगळा हिशेब हलेल.

पण दुसरी गोष्टही लक्षात घ्या. बीजिंगमध्ये पंधरा वर्षांच्या रशियन कामिला वालियेव्हाचं उत्तेजक द्रव्याचं प्रकरण झालं, त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेनं सिनियर गटाचं किमान वय पंधरावरून आधी सोळा आणि २०२४–२५ पासून सतरा केलं. तेरा-चौदाव्या वर्षी अंग लहान, हलकं आणि अरुंद असतं, हवेत फिरणं सोपं जातं. मग उंची वाढते, कंबर भरते आणि तेच फेरे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागतात. ज्या पद्धतीत मुली सोळाव्या वर्षी संपायच्या, तिथे ते शिकण्याची वेळच येत नव्हती, मागून दुसरी पंधरा वर्षांची तयार असायची. आता थांबणं भाग आहे. जपानची माओ शिमादा आज जगातल्या उत्तम स्केटर्सपैकी एक आहे, पण वय पुरं नाही म्हणून तिला मिलानला जाता येत नाही.

तुम्ही म्हणता ती सव्वीस वर्षांची अँबर २०१४ मध्ये ज्युनियर राष्ट्रीय विजेती झाली. सिनियर विजेतेपद मिळालं २०२४ मध्ये. मधली दहा वर्षं बघा: नैराश्य आलं, खेळ सोडला, परत आली, २०२२ च्या निवडीच्या वेळी कोविड झाला, परत आली. आज जी ट्रिपल ॲक्सल ती मारते ती तिला विशीत आली, चौदाव्या वर्षी नव्हे. साकामोतो पंचवीस वर्षांची आहे. तिला ट्रिपल ॲक्सल येतच नाही, आणि तरी ती तीनदा जगज्जेती आहे. म्हातारपण हा शब्द या दोघींसाठी वापरू नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. आमच्या रिंकवर बारा-तेरा वर्षांच्या मुली हा शब्द ऐकतात आणि स्वतःला लावून घेतात. अठराव्या वर्षी ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

गेल्या जानेवारीतल्या विमान अपघातानंतर अमेरिकेचं स्केटिंग सावरलं का?
– एक गृहिणी, फ्रीमाँट

२९ जानेवारी २०२५. विचिटाहून वॉशिंग्टनला निघालेलं विमान उतरता उतरता लष्करी हेलिकॉप्टरला धडकलं. ६७ जण गेले, त्यांतले २८ स्केटिंगच्या कुटुंबातले. राष्ट्रीय स्पर्धा संपल्यावर तिथेच होतकरू मुलांचं शिबिर होतं, तिथून ती मुलं, त्यांचे आईवडील आणि कोच घरी येत होते. एकट्या बॉस्टन क्लबची सहा माणसं गेली. आमच्या रिंकवर पुढचे दोन दिवस कुणीही गाणं लावलं नाही, मुली नुसत्या फिरत होत्या.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. १५ फेब्रुवारी १९६१ ला ब्रसेल्सजवळ विमान कोसळलं आणि अमेरिकेचा अख्खा संघ गेला, त्यात सोळा वर्षांची राष्ट्रीय विजेती लॉरेन्स ओवेन होती, तिची बहीण होती आणि नऊ वेळा राष्ट्रीय विजेती झालेली त्यांची आई होती. कोचही गेले. पेगी फ्लेमिंग तेव्हा बारा वर्षांची होती, तिचा कोच त्या विमानात होता. सात वर्षांनी, १९६८ ला ग्रेनोब्लमध्ये तिनं सुवर्ण जिंकलं. सावरायला तेवढी वर्षं लागतात. खेळाडू घडवायला कोच लागतो, कोच घडायला त्याहून जास्त काळ लागतो. तेव्हा २०२५ ची उणीव आज दिसणार नाही. ती २०३० आणि २०३४ ला जाणवेल, कारण गेली ती पुढची फळी होती. अलिसा, अँबर आणि इझाबो यांच्यामागे कोण, असं कुणी विचारलं की मला ते विमान आठवतं.

माझी नात अकरा वर्षांची आहे, रोलर स्केटिंग करते. तिला ऑलिम्पिक दाखवायचंय. काय बघायला सांगू?
– एक आजी, कोथरूड

आजी, १७ फेब्रुवारीला शॉर्ट प्रोग्रॅम आणि १९ फेब्रुवारीला फ्री स्केट. मिलानची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे रात्री अकरानंतर सुरुवात आणि सर्वांत चांगल्या मुलींचा गट मध्यरात्र उलटून गेल्यावर. शाळा असली तरी एक रात्र जागू द्या. शॉर्टमधल्या पहिल्या चोवीस जणीच फ्रीला येतात आणि शॉर्टमध्ये पुढे असलेल्या शेवटी उतरतात.

तिला सांगा, उडी बघू नकोस, उडीच्या आधीचा पाय बघ. ब्लेडला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. लुट्झ बाहेरच्या कडेवरून घ्यायची, फ्लिप आतल्या. ऐन उडण्याच्या क्षणी पुष्कळ जणींचा घोटा बाहेरून आत कलंडतो आणि गुण जातात. तुमच्या नातीला चाकांवर हे वजन टाकणं रोज करावं लागतं, तिला लगेच दिसेल. मग उतरल्यावरचा वेग बघायला सांगा: साकामोतो उडीतून बाहेर पडताना आत शिरली त्याहून हळू होत नाही.

इझाबो लेव्हितो आली की जरा थांबा. ती अठरा वर्षांची आहे, आई मूळची मिलानची, आणि तिची आजी अजूनही त्या शहरात राहते. तिचे हात आणि गिरक्या नातीबरोबर बघा.